चामखीळ काढायची? आधी विचारा, काढणार कोण

आईच्या मानेवरच्या लोंबत्या चामखिळी, बाबांच्या पाठीवरचे खरखरीत काळे ठिपके, आजीच्या तळपायाचं कुरूप. काम वीस-तीस मिनिटांचं, भूल जागेपुरती, त्याच दिवशी घरी. तरीही एका दवाखान्यात हे दोन-तीन हजारांत उरकतं आणि चार दुकानं पलीकडे अठरा हजारांचं पॅकेज पुढे सरकवलं जातं. दर सगळेच विचारतात. मशिन हातात कोण धरणार, हे फार थोडे विचारतात. रुग्ण साठीच्या पुढचा असेल तर पहिला प्रश्न तोच विचारा.

हे काम आता एकाच प्रकारच्या डॉक्टरकडे राहिलेलं नाही. त्वचारोगतज्ज्ञ आहेतच, पाटीवर एम.डी. किंवा डी.एन.बी. (त्वचारोग), नाहीतर डी.व्ही.डी., डी.डी.व्ही.एल. अशी पदविका असते. प्लास्टिक सर्जन (एम.सीएच.) आणि जनरल सर्जन (एम.एस.) गाठी, सिस्ट, मोठे तीळ टाके घालून काढतात. ही जुनी मंडळी. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी बरेच जण येऊन बसले आहेत. एम.बी.बी.एस.नंतर कॉस्मेटॉलॉजीची फेलोशिप केलेले. दंतवैद्य, ज्यांच्या पाटीवर आता दातांच्या चित्राखाली ‘फेशियल एस्थेटिक्स’ही असतं. बी.ए.एम.एस. आणि बी.एच.एम.एस. डॉक्टर. साखळी क्लिनिकमधले ‘थेरपिस्ट’. आणि ब्यूटी पार्लर, जिथे थ्रेडिंगच्या खुर्चीतच चामखीळ जाळून मिळते.

यातलं कुणाला काय करता येतं? थोडक्यात असं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्य-शस्त्रक्रिया आणि केशरोपणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेलं प्रशिक्षण पुरेसं नाही, असं त्यात लिहिलं आहे. (हे लिहावं लागलं, यावरून बाजाराचा अंदाज घ्या.) दंतवैद्यांपैकी तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत एम.डी.एस. केलेल्यांना चेहऱ्याच्या सौंदर्य-उपचारांची मुभा दंत परिषदेने दिली आहे. त्वचारोगतज्ज्ञांचा तिला विरोध आहे. मानेखालच्या कामाशी दंतवैद्याचा संबंध नाही. आयुर्वेदात शल्यतंत्राचं एम.एस. केलेल्यांना २०२० च्या अधिसूचनेने ठरावीक ३९ शस्त्रक्रियांची परवानगी आहे, साध्या गाठी काढणं त्यात येतं. नुसत्या बी.ए.एम.एस.ला ही अधिसूचना लागू नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी सी.सी.एम.पी. हा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेला असला, तरी तो आधुनिक औषधांचा आहे, चाकूचा किंवा कॉटरीने (विजेने) जाळण्याचा नाही. पार्लरला यातलं काहीही करण्याचा अधिकार नाही.

खात्री कशी करायची? खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापायचा असतो. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांतच ते आहे. तो क्रमांक किंवा नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाका. नोंदणी चालू आहे का आणि कोणती पदव्युत्तर पदवी नोंदवली आहे, हे दिसतं. कौन्सिलने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही आणला आहे, दवाखान्यात लावलेला असेल तर मोबाइलने तपासा. पाटीवर सात पदव्या आणि नोंदणीत एकच, असं आढळलं तर बाकीच्या सहा सजावटीच्या समजा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढंच लिहिलं असेल तर मूळ पदवी विचारा. विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आणि कातडी घरच्यांची आहे.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. प्रोसिजर कोण करणार, नाव आणि पदवी? तपासणारे आणि काढणारे एकच का? काढताना डॉक्टर खोलीत असतील का? काढलेला तुकडा लॅबला पाठवणार का? ‘आमची टीम करते’ असं उत्तर आलं तर नाव मागा. नाव मिळालं नाही तर दुसरीकडे जा. साखळी क्लिनिकमध्ये नेहमीची पद्धत अशी असते: डॉक्टर पाच मिनिटं बघतात, ‘काउन्सेलर’ अर्धा तास पॅकेज समजावते आणि मशिन तिसराच कुणीतरी चालवतो. केस काढण्याच्या लेझरला किंवा फेशियलला हे एकवेळ चालून जाईल. वयस्कर माणसाच्या अंगावरचा डाग जाळण्याला अजिबात नाही.

का नाही, ते नीट वाचा. या एका मुद्द्यावर पैशापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं. उतारवयात अंगावर उठणारे बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. मानेवर-काखेत लोंबणाऱ्या चामखिळी, पाठीवर मेणाचा ठिपका चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी-काळे सेबोरिक केराटोसिस, छातीवरचे लाल ठिपके. हे काढले नाहीत तरी काही बिघडत नाही. पण त्यांच्याच गर्दीत कधीतरी बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग लपलेला असतो: नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कडेला, गालावर, चकाकत्या काठाची बारीक गाठ, मधे खपली, खपली पडते, पुन्हा धरते. आपल्या रंगाच्या त्वचेवर तो बऱ्याचदा काळसरच असतो, म्हणून ‘तीळ वाढलाय’ म्हणून खपून जातो. तो वरवर जाळला की वरची खूण जाते, मुळं आत राहतात. तुकडा जळून गेल्यामुळे तपासायलाही काही उरत नाही. पुढे तो परत येतो तेव्हा मोठी शस्त्रक्रिया लागते.

म्हणून पुढच्यापैकी काहीही असेल तर पार्लर, फेलोशिप, शिबिर सगळं सोडा आणि थेट त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन गाठा. महिनाभरात न भरणारी जखम. आपोआप रक्त येणारा डाग. आकार, रंग बदलणारा तीळ. तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग. जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठलेली गाठ. परकराच्या नाडीने कमरेवर पडलेल्या काळ्या पट्ट्यात न भरणारी चीर. शेवटची गोष्ट गमतीची वाटेल, पण मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी धोतराच्या पट्ट्यातल्या कर्करोगाची नोंद १९४५ मध्ये केली होती आणि नाडीमुळे झालेले रुग्ण नंतरही मुंबईत नोंदले गेले आहेत. नाडी रुंद करा, जागा बदलत राहा. जखम असेल तर दाखवा.

आता दर. पुणे-मुंबई-नागपुरातले खासगी दर ढोबळमानाने असे आहेत, तालुक्याच्या गावी कमी. तपासणी ५०० ते १,५०० रुपये. चामखिळी कॉटरीने काढायला नगावर २०० ते ५००, किंवा एका बैठकीत सगळ्या मिळून २,००० ते ६,०००. बर्फाची प्रक्रिया, म्हणजे क्रायो, बैठकीला ५०० ते २,०००. कुरूप नुसतं तासून घ्यायला ५०० ते १,०००, मुळासकट काढायला २,००० ते ५,०००. तुकडा काढून बायोप्सी १,५०० ते ४,०००, लॅबचे ८०० ते २,००० वेगळे. टाके घालून तीळ किंवा छोटी गाठ काढणं दवाखान्यात ५,००० ते १५,०००. हेच काम मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये केलं तर बिल सहज दुप्पट-तिप्पट होतं. कारण तुम्ही थिएटरचं भाडं भरता. जागेपुरत्या भुलेवर होणाऱ्या छोट्या गाठीला थिएटर कशाला, हा प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारा. कधी उत्तर पटण्यासारखं असतं: डोळ्याजवळची जागा, रक्त पातळ करणारी औषधं, पेसमेकर. कधी नसतं.

सर्वांत जास्त फसगत ‘नगावर’ या शब्दात होते. फोनवर तीनशे सांगतात, खुर्चीत बसल्यावर मोजणी सुरू होते आणि वाटाण्याएवढ्या सात आहेत असं वाटत होतं तिथे राईएवढ्या धरून चाळीस भरतात. आधीच ठरवा: मोजणी कोण करणार, बारीक धरायच्या का, जास्तीत जास्त किती रुपये. हा आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या. शक्यतो ‘बैठकीचा दर’ मागा, चामखिळी जास्त असतील तर तोच परवडतो.

बिलात मागून येणारे आकडे पुढीलप्रमाणे. बधिर करण्याचं क्रीम, ३०० ते ५००. ‘प्रोसिजर रूम चार्ज’. ‘डिस्पोजेबल किट’. ड्रेसिंग, प्रत्येक वेळी. टाके काढणं. दाखवायला पुन्हा आलात तर पुन्हा तपासणी फी. सात किंवा पंधरा दिवसांत फेरतपासणी मोफत का, हे विचारून ठेवा. मलम आणि सनस्क्रीन तिथल्याच काउंटरवर, दुसरीकडे न मिळणाऱ्या ब्रँडचं. औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे घ्या. आधीच्या रक्ततपासण्याही पाहा. टाके घालून काढायचं असेल तर साखर, हिमोग्लोबिन, एच.आय.व्ही., काविळीची तपासणी सांगणं रास्त आहे. चार लोंबत्या चामखिळींसाठी पाच हजारांचं ‘सीनियर सिटिझन प्रोफाइल’ रास्त नाही.

पॅकेजबद्दल स्पष्टच सांगायचं तर घेऊ नका. ‘सहा सिटिंग, आज भरलं तर चाळीस टक्के सूट’ हे चामखिळींना लागत नाही, बहुतेक वेळा एक-दोन बैठकांत काम संपतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे हप्ते. ‘बिनव्याजी ई.एम.आय.’ म्हणून टॅबलेटवर सही आणि मोबाइलवर आलेला ओ.टी.पी. घेतला जातो, ते वित्तसंस्थेचं कर्ज असतं, आईच्या नावावर. उपचार अर्धवट सोडले तरी हप्ता चालू राहतो. ज्येष्ठांनी एकट्याने अशा ठिकाणी जाऊ नये, आणि ओ.टी.पी. कुणालाही सांगू नये. हाच इशारा सोसायटीत किंवा विरंगुळा केंद्रात होणाऱ्या ‘मोफत त्वचा तपासणी’ शिबिरांना लागू. तपासून घ्या, चहा प्या, पैसे भरू नका.

कराचं असं आहे. आजारावरचे उपचार जी.एस.टी.मुक्त आहेत. निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रक्रियेवर १८ टक्के लागतो. त्यामुळे सतत घासून रक्त येणारी चामखीळ, संशयास्पद तीळ, दुखणारं कुरूप यांच्या बिलावर निदान लिहायला सांगा. ‘स्किन सर्व्हिसेस’ एवढंच छापून वर १८ टक्के लावले असतील तर विचारा. विम्याबाबत फार आशा ठेवू नका. सौंदर्यासाठीचे उपचार आरोग्य विम्यातून वगळलेले असतात आणि ओ.पी.डी.त होणारं काम साध्या पॉलिसीत बसत नाही. कर्करोगाचा संशय किंवा निदान असेल तर मात्र गोष्ट वेगळी: डे-केअर शस्त्रक्रिया म्हणून दावा करता येतो, बायोप्सीचा अहवाल हा त्याचा आधार. म्हणूनही तुकडा लॅबला जायलाच हवा.

पैसे वाचवायचे असतील आणि सकाळ खर्च करायची तयारी असेल तर सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय. मुंबईत के.ई.एम., सायन, नायर, जे.जे.; पुण्यात ससून; नागपुरात मेडिकल आणि मेयो; छत्रपती संभाजीनगरात घाटी; गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. केसपेपर किरकोळ रकमेत. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्याही मोफत आहेत, मात्र त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या वारी असतात हे आधी फोनवर विचारा. मेडिकल कॉलेजात काढणारा हात बहुधा निवासी डॉक्टरचा असतो: एम.डी. शिकत असलेला, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. घाबरू नका. रोज अशी कामं करणारा हात तो. माझं मत विचाराल तर संशयास्पद डागासाठी चकचकीत क्लिनिकपेक्षा ही जागा बरी, कारण त्वचा विभाग, लॅब आणि सर्जन एकाच आवारात सापडतात. त्रास रांगेचा. पहिल्या दिवशी तपासणी, प्रोसिजरची तारीख नंतरची; निव्वळ सौंदर्याच्या कामाला तर फारच नंतरची. ओ.पी.डी. सकाळची असते, नोंदणीची खिडकी अकराच्या सुमारास गर्दीने तुंबते. आठला पोहोचा, पाण्याची बाटली न्या, बसायला जागा मिळेलच असं नाही.

कर्करोग निघाला तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. शिधापत्रिका आणि आधार लागतं, हेल्पलाइन १५५३८८. सत्तरी पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आधार पुरतं. दोन्हींत रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं. दाखल होण्याआधी योजनेचे मदतनीस, म्हणजे ‘आरोग्यमित्र’, कुठे बसतात ते शोधा, नंतर नाही.

सोबत काय न्यायचं? आधार, जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं (यादीपेक्षा पाकिटं बरी), महिनाभरातला साखरेचा रिपोर्ट, पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड. पेसमेकरचं पहिल्याच वाक्यात सांगा. विजेच्या कॉटरीने त्यात अडथळा येऊ शकतो, डॉक्टर दुसरी पद्धत निवडतील. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन चालू असेल तर तेही सांगा, पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. छोट्या प्रक्रियांना बहुधा बंद करावी लागत नाही आणि बंद केल्याचा धोका रक्त येण्यापेक्षा मोठा असू शकतो. जागेपुरत्या भुलेला उपाशी राहायची गरज नसते. मधुमेहींनी तर जेवूनच जावं. पुढून बटणं असलेला सदरा किंवा ब्लाउज, मानेतली माळ घरी. ऐकू कमी येत असेल तर यंत्र घालून न्या, संमतिपत्रावर रुग्णाने स्वतः ऐकून सही करायची असते.

संमतिपत्र मराठीत मागा. काय काढणार, कुठलं काढणार, कोण काढणार, हे त्यात हवं. एका गोष्टीची संमती घेऊन त्याच बैठकीत दुसरीच गोष्ट उरकणं चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे. ‘आत घेतलंच आहे तर चेहऱ्यावरचेही काढून टाकू’ हे याच प्रकारात मोडतं.

नंतर किती दिवस? कॉटरीच्या खपल्या आठ-दहा दिवसांत पडतात, ओढू नका. टाके चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांत निघतात, पाठ-पायाचे दहा ते चौदा. बायोप्सीचा अहवाल साधारण आठवड्याने. तो फोनवर ऐकून सोडू नका, छापील प्रत हातात घ्या.

स्वस्तातल्या वाटांबद्दल. चुना आणि पापडखार लावून चामखीळ जाळणं, घोड्याचा केस बांधणं, फुटपाथवर बसलेल्या माणसाकडून कुरूप कोरून घेणं: मधुमेही माणसाच्या पायाशी हे करू नका. औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टीसुद्धा नको, तिच्यातलं अ‍ॅसिड आजूबाजूची कातडीही खातं, पायाला संवेदना कमी असेल तर कळतही नाही. तिथून बोट गमावण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

अमेरिकेत मुलाकडे जाणार असाल तर शक्यतो इथूनच काढून जा. प्रवासी विम्यात असली कामं सहसा बसत नाहीत. तिकडेही काढणारा हात बदलतो आहे: मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्यावरच्या ज्येष्ठांच्या त्वचेची बरीच कामं आता फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनर करतात, अपॉइंटमेंटही त्यांचीच लवकर मिळते. पिट्सबर्गच्या २०१८ च्या एका अभ्यासात एक मेलॅनोमा (त्वचेचा घातक कर्करोग) सापडण्यासाठी असिस्टंटांना ३९ बायोप्सी कराव्या लागल्या, त्वचारोगतज्ज्ञांना २५. साध्या चामखिळीला असिस्टंट चालेल. संशयास्पद डाग असेल तर डॉक्टरचीच वेळ मागा, आठवडे थांबावं लागलं तरी.

काही बिघडलंच, भाजलं, पिकलं, पैसे जास्त घेतले, तर आधी कागद गोळा करा. आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. लेखी मागा, पोच घ्या. जखमेचे फोटो तारखेसह ठेवा. मग ज्याच्या त्याच्या परिषदेकडे तक्रार: एम.बी.बी.एस. आणि वरचे असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, दंतवैद्यांसाठी राज्य दंत परिषद, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. काढणारा कुठेच नोंदलेला नसेल तर महापालिकेचे आरोग्य अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस ठाणं, दोन्हीकडे द्या. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली फी ५ लाखांच्या आत असेल तर दाव्याला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होतो. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पॅकेजचे उरलेले पैसे अडकले असतील तर बऱ्याचदा तेवढ्यावरही सुटतात. पावती नसेल तर मात्र यातलं बहुतेक सगळं अवघड होतं, म्हणून रोख देतानाही छापील पावती घ्या आणि तिच्यावर काढणाऱ्याचं नाव आहे का ते तिथेच वाचा.